आधी धोबिणीची गोष्ट

नव्या खेळाडूच्या हातात पुस्तक देताना बाई त्याला तपकिरी कव्हर घालूनच द्यायच्या. म्हणायच्या, "वर घोडेस्वाराचं चित्र दिसलं की माणूस घोड्यावरूनच बोलायला लागतो." हे किती खरं होतं ते मला फार उशिरा कळलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

दर रविवारी दुपारी कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही पाच जण रोलप्लेइंग गेम खेळायचो. म्हणजे एका काल्पनिक राज्यातली माणसं व्हायचं आणि फासे टाकत, बोलत बोलत गोष्ट रचायची. ती गोष्ट पुढे नेणाऱ्या निवेदक म्हणजे बाई. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायच्या, तरी आमच्याआधी हजर. एकदा म्हणाल्या, "आता घरी मला कोणी काही विचारत नाही. इथे पाच माणसं विचारतात, पुढे काय झालं?"

त्या राज्यावर खेळाच्या कंपनीने जाडजूड कादंबऱ्या काढल्या आहेत, सगळ्या राजाच्या पराक्रमाच्या. बाई नवख्याला त्यातली एकही देत नसत. द्यायच्या ती एका धोबिणीची पातळशी गोष्ट; तिच्याही कव्हरवर कंपनीने घोडेस्वारच छापलेला. राजा तिच्यात एकदाच येतो, तोही धुवायला आलेल्या अंगरख्यापुरता. वाचून झालं की बाईंचा एकच प्रश्न: "या गावात पाणी कुठून येतं, आणि कोणाला मिळत नाही?" उत्तर आलं नाही की पुस्तक परत घरी. मी दोनदा नेलं. वैतागून कारण विचारलं तर म्हणाल्या, "अहो, आमच्या आजोबांना राजाची गोष्ट सांगायला घेतली की ते आधी विचारायचे, त्याच्या गावात आपलं घर कुठे होतं?"

मग आमच्यातला हडपसरच्या आयटी कंपनीतला एक शहाणा तीन मित्र घेऊन आला. त्यांना राजाचे पाचही खंड त्यानेच परस्पर वाचायला दिलेले. "धोबीण बोअर होते यार, लोकांना एपिक पाहिजे!" ही मंडळी खेळायला नव्हे, परीक्षा घ्यायला आली होती. बाई म्हणाल्या, साथीमुळे उत्तरेचं दार बंद आहे, लगेच, "मॅडम, तिसऱ्या खंडात ते ओपन आहे." तिघांनाही राजाचा भाऊ व्हायचं होतं. "व्हा की," बाई म्हणाल्या, "राजमातेला तेवढं विचारून घ्या."

पुढच्याच रविवारी त्या शहाण्याने बाईंच्या तोंडावर निवेदक बदलायचा ठराव मांडला. कारण काय, तर बाईंचं वाचन कमी पडतं! अरे, ते पाचही खंड बाईंनी तुमच्या कितीतरी आधी कोळून प्यायले होते, आणि म्हणूनच बाजूला ठेवले होते! भराभर हात वर झाले. बाईंनी फासे डबीत भरले. "सांभाळा राज्य," एवढंच म्हणाल्या.

मी हात वर केला नाही, हे मी आजवर ऐटीत सांगत आलोय. ते खोटं नाही. पण दाराकडे जायची वाट माझ्या खुर्चीमागून होती. बाई पिशवी घेऊन तिथे क्षणभर थांबल्या, आणि मी खुर्ची पुढे ओढून त्यांना वाट करून दिली.