असरच्या बांगेआधी

इरा, निनाद — हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नाही, आणि ते आता नाहीत.

परवा इरा फोनवर परीक्षेची उजळणी करत मला इंग्लंडमधला खुनाचा कायदा समजावत होती. माणसाचा बेकायदा जीव घेणं, आणि मनात हेतू — मारण्याचा, किंवा निदान गंभीर इजा करण्याचा. मी विचारलं, आणि काहीच केलं नाही तर? ती म्हणाली, "आजी, नुसतं बघत राहणं हा खून नाही. पण ड्यूटी असेल तर होऊ शकतो." मी विषय बदलला. का बदलला, ते लिहिते.

माझ्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे इथे सौदीत, अल मलाझला आल्या होत्या. हृदय अधू. माझं काहीच त्यांना पसंत नसे — "इंग्रजीत एम.ए., आणि आमटीला चव नाही," हे पाहुण्यांसमोर. मला नावानं कधी हाक मारली नाही. "अगं ए" एवढंच. कामासाठी जुबेलला निघताना आजोबा म्हणाले, "आईला तुझ्यावर सोपवून जातोय." मी हो म्हटलं. ड्यूटी म्हणजे हीच ना?

त्याच दुपारी सासूबाईंना धाप लागली. ओठ काळेनिळे पडले. बायकांना तेव्हा इथे गाडी चालवायची परवानगी नव्हती. मागाहून सगळे तेच म्हणाले — तू तरी काय करणार होतीस? पण समोरच्या दारातले हैदराबादी शेजारी घरीच होते. त्यांची गाडी मला खिडकीतून दिसत होती. "भाभी, कभी भी आवाज़ दीजिए," असं ते नेहमी म्हणत. फोनही चालू होता.

मी उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होते. ते काम पुरं केलं. घड्या घातल्या. कपाटात ठेवल्या. मनात काय होतं? — संपू दे. हेच शब्द, अगदी स्पष्ट. तिसऱ्या प्रहरची, असरची बांग झाली, तेव्हा कुठे जाऊन शेजाऱ्यांचं दार वाजवलं.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी बहुधा वाचल्या नसत्या. इरा, तुझ्या कायद्यात मी कदाचित इथेच सुटते — मृत्यू माझ्यामुळे आला, हे सिद्ध होत नाही. हेतू मात्र होता. तो तपासायला कुणी आलंच नाही. उलट आजोबा जन्मभर सांगत राहिले, हिनं आईचं शेवटपर्यंत सगळं केलं.

त्या दुपारी सासूबाईंनी मला हाक मारली होती. पहिल्यांदाच, नावानं. मी ती ऐकली होती.