तेरावा कागद

मंगळवारी सकाळी मालतीवहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले..." एवढंच म्हणाल्या. त्याला आज सहा आठवडे झाले. त्यांचे हे म्हणजे सुधाकर, माझा शाळेपासूनचा मित्र. लहानपणच्या दुखण्याने त्याचा उजवा पाय अधू राहिला होता. आमच्या जिन्यावर तो चढू लागला की दार उघडण्याआधीच पावलांवरून कळायचं.

सदाशिव पेठेत दोन खोल्यांत त्याचा कार्टूनपटांचा स्टुडिओ होता. माणसं चार. पडद्यावरच्या एका सेकंदाला बारा चित्रं लागत, प्रत्येक वेगळ्या कागदावर, हाताने काढलेलं. पात्र कसं चालेल हे सुधाकर स्वतः आरशासमोर चालून दाखवायचा आणि बाकीचे तिघं तसं काढायचे. त्यामुळे साबणाच्या जाहिरातीतली बाई असो की साक्षरतेच्या फिल्ममधला पोस्टमन, सगळे एका पायावर जरा रेंगाळत. एकदा मी कागद मोजले. दोन पावलांना बारा पुरेत, तिथे तेरा निघाले. डाव्या पायाला सात, उजव्याला सहा.

"अरे, तुझी सगळी पात्रं लंगडतात!"

"आले मोजणीदार! लंगडत नाहीत, माझ्यासारखी चालतात. नाव न वाचता लोक ओळखतात आमचं काम."

मग कॉम्प्युटर आले आणि जाहिराती दुसरीकडे गेल्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुधाकर कोथरूडच्या एका कंपनीत लागला. काम परदेशी मालिकांचं. पात्राचा नमुना तिकडून यायचा आणि दीडशे जणांनी तो अगदी एकसारखा हलवायचा. पोरं हुशार आहेत, हात चांगले आहेत, असं तोच सांगायचा. त्याने काढलेली पहिलीच चाल 'पाय दुरुस्त करा' असा शेरा घेऊन परत आली. संध्याकाळी त्याने माझ्याकडे येऊन तो शेरा सांगितला.

"एका चित्राचा तर फरक आहे," मी म्हणालो. "काढून टाक." त्याच्या मुलीचं कॉलेज चालू होतं, दुसरं काय सांगणार होतो? त्याने काढून टाकलं.

पुढे ती मालिका टीव्हीवर लागली तेव्हा आम्ही शेजारी बसून पाहिली. "यातलं तुझं कोणतं?" मी विचारलं. तो टीव्हीच्या जवळ सरकला, पात्रांचे पाय बघू लागला.

"नाही रे सांगता येत."

परवा वहिनींनी पोस्टमनच्या चित्रांचा जुना गठ्ठा मला दिला. मोजला, तेराच्या तेरा आहेत. अंगठ्याखालून कागद भरभर सोडले, पोस्टमन चालला. मग डाव्या पायाचा एक कागद काढून पुन्हा सोडले. चाल सरळ झाली. तो आता कोणाचाही पोस्टमन होता.

कागद होता तिथे परत ठेवला. पुन्हा सोडले, आणि सुधाकर जिना चढू लागला.