पोलादी मावशीचा चौकोन

ऑरिन ट्वेट हा माणूस पहिली दोन-तीन वर्षं मला अजिबात आवडत नव्हता. तो सरकारी वजनमाप निरीक्षक होता. विस्कॉन्सिनच्या वरच्या टोकाला, सरोवराकाठच्या आमच्या गावात खाटकाचा काटा, पेट्रोलचा पंप असं सगळं तपासत हिंडायचा आणि कुठल्याही दुकानात साधी कॉफीसुद्धा घ्यायचा नाही. असल्या माणसाच्या तळघरात मी बावीस वर्षं दर रविवारी दुपारी जात राहिले, ते आधी त्याच्या बायकोमुळे, आर्डिसमुळे. ती आणि मी वाचनालयात एकाच टेबलाला कामाला बसायचो. नंतर मात्र खेळाचीच चटक लागली.

खेळ ऑरिनने स्वतः रचलेला. प्रत्येकाने अचाट शक्तीचा एक नायक घ्यायचा, ऑरिनने संकट सांगायचं, आपला नायक काय करतो ते आपण सांगायचं, आणि नेम लागला की चुकला ते फाशांनी ठरवायचं. बाकीचे लोक असले खेळ चालवताना पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे टाकतात आणि गरज पडली तर चक्क थापा मारतात. ऑरिन फासे टेबलाच्या मधोमध टाकायचा, सगळ्यांना दिसतील असे. टपालखात्यातला डुएन पेल्की त्याला न्यायाधीशसाहेब म्हणायचा. डुएनचा नायक होता गडगडाट, दांडगा आणि अक्कलशून्य. माझी नायिका वाऱ्यासारखी पळायची, पण एक फटका बसला की आडवी व्हायची. आर्डिसची होती पोलादी मावशी. स्वयंपाकघरातला एप्रन घालून लढणारी, आणि कुणावरही वार आला की त्याच्या आणि वाराच्या मध्ये जाऊन उभी राहणारी.

भानगड तिथेच झाली. ९४ सालच्या हिवाळ्यात सलग दोन महिने आमच्यातल्या कुणाला साधं खरचटलंही नाही. वार आला की मावशी मध्ये. डुएन खुर्चीत पेंगायला लागला. चिलखत जाड करून दिलं तर चपळाईचं नुकसान, जखम भरून यायची शक्ती दिली तर मार जास्त बसणार, असा प्रत्येक बचावाचा हिशेब ऑरिनने काटेकोर लावला होता आणि मावशीच्या ढालीने तो सगळा निकामी केला होता. शेवटी त्याने नियम काढला, की मध्ये उभं राहणं एका लढाईत एकदाच. मावशीच्या शक्ती लिहिलेल्या आर्डिसच्या कागदावर खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन आखला. शक्ती वापरली की त्यात पेन्सिलीने फुली मारायची, लढाई संपली की खोडायची.

आम्हाला वाटलं आर्डिस रुसेल. ती म्हणाली, "बरं झालं. नाहीतर ही दोघं वार चुकवायला कधी शिकणार? पण ऑरिन, एकदा नियम केलास ना, तर मग कुणासाठी मोडू नकोस. माझ्यासाठीसुद्धा नाही."

अठरा वर्षं तिने तो चौकोन भरला आणि खोडला. कागद तिथे इतका झिजला होता की मागून चिकटपट्टी लावावी लागली.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी पुस्तकांचे नंबर, मग वाचनालयातून घरी जायचा रस्ता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा ऑरिन नुसता फासे पुसत बसला. पण रविवारी ती टेबलाशी यायची आणि बाकी काहीही विसरली तरी एक गोष्ट विसरायची नाही. वार आला रे आला की म्हणायची, "मी मध्ये उभी राहते." चौकोनात फुली मारायचं मात्र राहून जायचं. एका लढाईत ती दोनदा उभी राहायची, कधी चारदा. डुएन आणि मी मान खाली घालून गप्प बसायचो. ऑरिनही तीन आठवडे गप्प बसला.

चौथ्या रविवारी नाही बसला. गडगडाटवर अख्खा पूल कोसळत होता. आर्डिस म्हणाली, "मी मध्ये उभी राहते." आणि ऑरिन, कागदावरून नजर न उचलता, म्हणाला, "तुझं एकदा झालंय, आर्डिस. आता चालत नाही."

आवाज चढलेला नव्हता. खाटकाला काटा चुकतोय म्हणून सांगावं तितक्याच सरळपणे तो बोलला. आर्डिसने चौकोनाकडे बघितलं. तो रिकामा होता. "झालंय का?" तिने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "झालं असेल." तिने पेन्सिल खाली ठेवली. फासे पडले आणि गडगडाट पुलाखाली मेला. डुएन हसत म्हणाला, मी कंटाळलोच होतो त्या ठोंब्याला. आर्डिस मात्र रडायला लागली. डुएनचा हात धरून, मला तुला वाचवता आलं असतं, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. त्या दिवशी मला ऑरिनचा इतका राग आला की मी कोट न घालताच बाहेर पडले.

पुढच्या रविवारी ती खाली आलीच नाही. मी खेळात चुका करते, म्हणाली, आणि वर खिडकीशी बसून राहिली. त्यानंतर ती तळघरात कधीच आली नाही.

ऑरिन काय करत होता ते मला हिवाळा सरता सरता कळलं. त्याने नियमांची वही पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेतली होती. मला बोलावून त्याने दाखवलं. मावशीला बंधन घालायची गरजच नव्हती. तिला वाटेल तितक्या वेळा मध्ये उभं राहू द्यायचं, फक्त शत्रूने एकाच वेळी दोघांवर वार करायचा. मग कुणाला वाचवायचं ते ती ठरवेल. ढालही राहते आणि धोकाही राहतो. "इतकं सोपं होतं," तो म्हणाला. "अठरा वर्षांत मला सुचलं नाही." मग वहीवर डोकं ठेवून तो रडला. माझा राग त्या दिवशी संपला. उरलं ते फक्त वाईट वाटणं, आणि ते अजून गेलेलं नाही.

तोवर तिला आजाऱ्यांच्या निवासात हलवलेलं होतं. मार्चमधल्या एका रविवारी दुपारी आम्ही तिघं तिथे गेलो. ऑरिनने नवा कागद करून नेला होता, स्वच्छ अक्षरात लिहिलेला, चौकोन नसलेला. आर्डिसने डुएनला, आज टपाल लवकर आणलंत, म्हटलं. मला बघून हसली. ऑरिनला तिने नमस्कार केला, पाहुण्याला करावा तसा.

त्याने तिच्यासमोर कागद ठेवला आणि गडगडाट मेला तीच लढाई पुन्हा सांगायला सुरुवात केली. पूल. वर गाड्या. खाली गडगडाट. पूल कोसळतोय. "पोलादी मावशी काय करते?"

ती ऐकत होती. नक्की ऐकत होती, तिचा चेहरा पूर्वीसारखा झाला होता. तिचं बोट कागदावरून खाली उजव्या कोपऱ्यात गेलं आणि तिथे काहीच नसलेल्या जागी थांबलं.

"माझं एकदा झालंय," ती म्हणाली. "आता चालत नाही."

"चालतं, आर्डिस," ऑरिन म्हणाला. "नियम बदललाय. कितीही वेळा चालतं."

"नाही हो." ती त्याला समजावत होती. "तुम्ही ऑरिनला ओळखत नाही. माझा नवरा आहे. तो कुणासाठी नियम मोडत नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही." हे सांगताना तिच्या आवाजात कौतुक होतं.

मग ऑरिनने फासे टाकले आणि ते थांबायच्या आत त्यांच्यावर पालथा पंजा ठेवला. बावीस वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

"वार चुकला," तो म्हणाला. "गडगडाट वाचला."

आर्डिस त्याच्या हाताकडे बघत राहिली. "हात काढा ना," ती म्हणाली. "ऑरिन नेहमी सगळ्यांना दाखवतो."

त्याने हात काढला नाही.