पाजणीच्या गल्लीत बॅटरीचा ठेला

तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत शालिकराम धकात्याइतका विचारी माणूस दुसरा झाला नाही, आणि देव करो, होऊही नये. साधी छत्री घ्यायची तर हा माणूस एक पावसाळा विचारात घालवायचा आणि दुसरा भाव करण्यात. तोवर भिजत फिरायचा. "घाई कराची कायले?" असं वर आम्हालाच विचारायचा.

हातमागाचे दिवस मंदावले तेव्हा त्याने माग विकून मालाची तीनचाकी सायकल घेतली. तिला सगळे ठेलाच म्हणायचे. सकाळी इतवारीच्या बाजारातून सुताचे गठ्ठे आणून घरोघर पोचवायचे आणि जाताना तयार लुगडी व्यापाऱ्याकडे न्यायची, हे त्याचं काम. सोबत निरोप, सोयरिकी आणि लोकांची भांडणंही तोच पोचवायचा. त्याचं भाडं मात्र कधी घेतलं नाही.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याचे गुडघे गेले. डॉक्टरने सांगितलं, पायडल मारणं बंद. त्याचा जावई कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत राहायचा. त्याने तिथे चौकीदाराची जागा बघून ठेवली. खुर्चीवर बसायचं आणि काठी धरायची, एवढंच. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते.

"तिकडं खुर्चीत बसून मी मरूनच जाईन गा," शालिकराम मला म्हणाला. "इथं कोनाच्या मागावर काय चढलं, हे मले कोन सांगन?" हसतच म्हणाला, पण त्याची बायको गोपिका सांगायची की त्याचं जेवणावर लक्षच नव्हतं. मलाही वाईट वाटलं. शालिकरामशिवायची गल्ली म्हणजे मीठ नसलेलं वरण.

टेम्पो घ्यावा, तर गल्लीचा नियम आडवा. आमच्याकडे सकाळी पाजणी चालते. मागावर चढवायच्या आधी ताण्याचे लांबच लांब धागे गल्लीभर ताणतात, कुंच्याने त्यांना खळ लावतात आणि उन्हात वाळवतात. ओल्या खळीवर इंजिनाचा धूर बसला की डाग पडतो, तो जन्मात निघत नाही. म्हणून पाजणी उठेपर्यंत धुराची गाडी आत येत नाही, मग ती लाटसाहेबाची का असेना. आणि सूत तर लोकांना सकाळीच हवं असतं.

मग मुकुंद उगवला. पाचपावलीला त्याचं बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं. "ठेल्याले मोटार बसवून देतो, ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या लावतो," तो म्हणाला. "धूर नाही, पेट्रोल नाही. रातभर चार्जिंगले लावा अन् सकाळी निंगा."

झालं! शालिकरामला विचार करायला नवीन कुरण मिळालं. बॅटऱ्यांचंच वजन इतकं, मग ठेल्यावर सूत किती बसणार? रात्री लाईट गेली तर? वाटेत बॅटरी उतरली तर? दोन वर्षांनी ती मेली तर नवीन कशातून घ्यायची? मी म्हटलं, त्यापेक्षा घोडा घे. त्याने त्यावरही आठवडाभर विचार केला. "घोडा लाईट गेल्यावरबी चालते," तो गंभीरपणे म्हणाला, "पन चने रोजच मांगते."

लाईटचं कोडं गोपिकाने सोडवलं. गल्लीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या तारा होत्या. आमच्या बाजूची लाईट गेली की समोर बहुतेक असायचीच. समोरच्या मैनाबाईला विचारून तिने चार्जिंगची सोय केली आणि मुकुंदला परस्पर सांगून टाकलं, "लावून टाका जी मोटार. हे इचार करतीन तवरक माह्याच गुडघ्याचा नंबर लागन." पैसे हप्त्याने द्यायचे ठरले. शालिकरामला ठेला तयार झाल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी बॅटऱ्यांच्या वजनापायी दोन गठ्ठे मागे ठेवून तो इतवारीतून सूत घेऊन निघाला. हमालांनी टाळ्या वाजवल्या. चढावर मोटार कण्हली, पण चढली. गरज नसताना शालिकराम सवयीने पायडल मारतच होता, आणि डॉक्टरच्या वतीने त्याला शिव्या घालायला मी मागून सायकलवर होतोच.

गल्लीच्या तोंडाशी त्याने नेहमीसारखी हाळी दिली, "उचला वं!" ही हाळी ऐकली की लोक ताणा बांबूने वर उचलायचे आणि हा मान वाकवून खालून जायचा. ताणा वर जाईपर्यंत पायडल थांबवायचं, ठेला आपोआप थांबायचा. आजही त्याने पाय थांबवले. पण पाय थांबले म्हणून मोटार थोडीच थांबते? बटण हँडलला होतं आणि त्याचा हात तिकडे वळलाच नाही. मैनाबाईचा ताणा उचलायच्या आत ठेला त्यात घुसला. धागे तुटले, कुंचा उडाला आणि खळीचं भांडं शालिकरामच्या डोक्यावर उपडं झालं.

मैनाबाईचं तोंड म्हणजे आमच्या गल्लीचं फौजदारी कोर्ट. पण आज ती खाली बसून धागे बघू लागली. सगळी गल्ली धावली आणि जो तो एकेक टोक धरून धागे सांधायला बसला.

शालिकराम पायरीवर बसला होता. कानातून खळ गळत होती. "मुकुंदले म्हना, घेऊन जा हे," तो म्हणाला. "मी कोराडीले जातो. नाही जमत मले." त्याला असं मी कधी पाहिलं नव्हतं.

मैनाबाईने एक ओला धागा उन्हाकडे धरला. बोटाने चोळला, उलटसुलट करून पाहिला. मग दुसरा पाहिला.

"पांढरा आहे गा," ती म्हणाली. "मागच्या साली त्या स्कूटरवाल्यानं धूर सोडला, त माहा अख्खा ताणा फेकाले लागला होता. तुटला धागा सांधता येते शालिक, धुरानं काया झाला त काय करू?"

"पन मावशी, तुमचं नुसकान..."

"नुसकान मी पाहून घेईन. तू गल्लीच्या तोंडाशी उतरत जा अन् बटन बंद करत जा. आतमंदी आमी ढकलू. काहून, आमाले हात नाही का?" आणि मग कोर्ट एकदम सुरू झालं. "अन् बसून काय राहिला मेल्या? माह्या सुताचे दोन गठ्ठे इतवारीतच सोडून आला ना? कोन आनन ते, तुहा जावई?"

शालिकराम उठला. तोंड पुसायचंही भान राहिलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून ठेला वळवून दिला, आणि तो सूत आणायला गेला.