हॅटवाल्याला चंदनाचा हार

ब्लॅकटाउनला आंटींच्या घरी आम्ही दोघी भाड्याने राहायला गेलो, तेव्हा त्यांच्या हॉलमध्ये दोन फोटो होते. एक येशूचा. दुसरा टेलकोट घातलेल्या, हातात उंच हॅट धरून एक पाय हवेत उचललेल्या एका माणसाचा. तो हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांतला नाचणारा हीरो होता, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी पुण्याहून अकाउंटिंग शिकायला आलेली आणि माझी रूममेट नाशिकहून हेअरड्रेसिंग शिकायला. पीआरच्या, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्याच्या आशेने निम्मा पंजाब आणि पाव महाराष्ट्र तेव्हा सिडनीत काहीबाही शिकत होता. कॉलेज आणि शिफ्ट यांतून जुने अमेरिकन सिनेमे बघायला वेळ कुणाला?

आंटी वसईच्या. भाजी चिरता चिरता त्या फोटोकडे बघायच्या आणि उसासा टाकायच्या.

"गेला बिचारा. असा माणूस पुन्हा व्हायचा नाही."

रूममेटने मला कोपराने ढोसलं. आंटींचे मिस्टर, आम्ही समजलो ते समजलो.

"एवढे गोरे होते?" मी खोलीत गेल्यावर विचारलं.

"ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सगळेच गोरे," ती म्हणाली.

आंटींना बोलायला आवडायचं आणि आम्हाला त्यांचे बोंबलाचे कटलेट. त्यामुळे ऐकत बसायचो. फोटोतल्या माणसाच्या बापाची बेकरी बुडाली, तेव्हा आईने दोघा भावांना नाचाच्या क्लासला घातलं. दोघं गावोगावच्या स्टेजवर नाचायचे. मग भावाने लग्न करून नाच सोडला आणि हा एकटाच स्टुडिओच्या दारात जाऊन उभा राहिला. "बुटका आहे, आवाज पातळ आहे म्हणून हाकलला त्याला," आंटी सांगायच्या. "पण पोरगा चिवट. मागच्या रांगेत नाचत राहिला. मग एकदा जिन्यावरचं गाणं मिळालं आणि दुनिया पालटली."

आम्हाला वाटलं, मुंबईचा स्टुडिओ. हिंदी सिनेमांत मागे नाचणारे कितीतरी जण वांद्र्या-वसईचे, असं मी कुठेतरी ऐकलं होतं.

"बुटांत रक्त यायचं, पण चेहऱ्यावर हसू तेच," आंटी म्हणाल्या. "टोप मात्र लवकर आला डोक्यावर."

"मी म्हटलंच होतं!" हेअरड्रेसिंगवाली उसळली. "भांगच खोटा वाटतो."

खरा धक्का पुढे होता.

"तीन लग्नं केली त्याने," आंटी कांदा चिरता चिरता म्हणाल्या. "पहिलीने छळलं, दुसरी पळून गेली. तिसरी मात्र फार गुणी होती हो."

रूममेटचा कटलेट हातातच राहिला. खोलीत येऊन ती म्हणाली, "ही तिसरी की चौथी? की तिसरी म्हणजे हीच, आणि स्वतःचंच कौतुक करतेय?" कसंही असो, एवढं मोठं मन आम्ही कुठे पाहिलं नव्हतं.

आंटींना रोज एक फोन यायचा. त्या ओरडायच्या, "गोळी घेतलीस का? मोजे धुतलेस का?" हा लांब राहणारा मुलगा, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

पितृपक्ष आला. आईने पुण्याहून फोनवर आठवण करून दिली आणि मला फोटोची दया आली. ख्रिश्चन असला म्हणून काय झालं, माणूस गेला तर त्याला हार नको? गिरावीनच्या इंडियन दुकानातून चंदनाचा हार आणला. आंटी चर्चला गेल्या असताना रूममेट खुर्चीवर चढली, फोटोला हार घातला, मी खाली वाटीभर खीर ठेवली आणि दोघींनी डोळे मिटून हात जोडले.

मागून कुणीतरी खाकरलं.

दारात बॅग घेतलेला, टक्कल पडलेला एक धिप्पाड माणूस उभा होता.

"काय चाललंय?"

"तुम्ही कोण?" रूममेटने खुर्चीवरूनच विचारलं.

"या घराचा मालक. पर्थकडच्या खाणीतून आलोय, आठवड्याच्या सुट्टीवर. आणि हा कोण मेलाय?"

"आंटींचे मिस्टर," मी म्हणाले. म्हणता म्हणताच मोजे धुणारा मुलगा कोण ते मला कळलं.

अंकल आधी फोटोकडे, मग खिरीकडे बघत राहिले. "पस्तीस वर्षं संसार केला," ते म्हणाले, "मला कधी कुणी फूल दिलं नाही. आणि या नाच्याला हार?" मग खाली बसले आणि खीर खायला लागले. वाटी रिकामी होत आली तेव्हा आंटी आल्या. त्यांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्या सोफ्यावर आडव्याच झाल्या. हसून हसून त्यांची कवळी निघायची वेळ आली.

"अगं येड्यांनो, मी शाळेत असताना थिएटरमध्ये बघायची त्याला! आईला चोरून!"

त्याच संध्याकाळी त्यांनी डीव्हीडी लावली. उरलेली गोष्टही सांगितली: नाचगाण्याचे सिनेमे पडायला लागले, स्टुडिओने करार वाढवला नाही, म्हातारपणी टीव्हीवर साबणाच्या जाहिराती करायची वेळ आली. मग जिन्याचं गाणं लागलं. तो माणूस पायऱ्यांवरून असा खाली येत होता, जणू त्याला वजनच नव्हतं. शिफ्टने माझे पाय ठणकत होते. मी त्याच्या बुटांकडेच बघत राहिले. प्रत्येक गोष्टीवर शेरा मारणारी रूममेट सरकत सरकत टीव्हीजवळ जाऊन बसली.

"पुन्हा लावा ना," ती शेवटी म्हणाली.

आंटींनी पुन्हा लावलं. अंकल तोपर्यंत घोरायला लागले होते.