दोन तोकड्या घंटा

पडदा वर जातो तेव्हा उजेड तीनच गोष्टींवर पडलेला दिसतो: खिडकीजवळचं शिवणयंत्र, त्यापुढे चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या कात्रीबाई, आणि कोपऱ्यातल्या तिवईवरचा टेलिफोन. फोनसमोर एक लाइनमन गुडघ्यांवर बसून भिंतीवरच्या डबीचा स्क्रू फिरवतो आहे.

कात्रीबाई हे नाव गल्लीनं ठेवलेलं. डॉक्टरांचे पांढरे कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि बोलण्यात तर नव्हतंच नव्हतं. कापड चारदा मोजून कापणाऱ्या या बाईनं जीभ मात्र कधी मोजून चालवली नाही. यजमान अगदी उलट. ग्रंथालयात कारकून होते. "जन्मभर 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसले आणि निवृत्तीला ती पाटीच घरी घेऊन आले," असं बाई चारचौघांत म्हणत आणि यजमानही हसत. साडेतीन महिन्यांपूर्वी दुपारी वाचता वाचता ते गेले, तेही आवाज न करता.

त्यांना एकच मुलगी. अकरा वर्षांपूर्वी तिनं आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि दूरच्या शहरी निघून गेली. त्या दिवशी बाईंनी फोनकडे बोट दाखवून बजावलं होतं, "या नंबरावर तिचा फोन आलेला मला खपणार नाही. आला तर तार कापून टाकीन." यजमानांनी मान डोलावली. पुढे तिचं नाव घरात निघालं नाही. यजमान गेले तेव्हा बाईंनी त्यांचं कपाट तीनदा उपसलं, पण मुलीचा पत्ता सापडला नाही. बाप गेल्याचं लेकीला कळवायचं राहूनच गेलं.

"तार तर ठणठणीत आहे, काकू," लाइनमन म्हणाला. "नेमकं होतं काय?"

"एरवी नीट वाजतो. गुरुवारी चार वाजले की उचकी लागल्यासारखं करतो. दोन तोकड्या घंटा, मग गप्प. परत दोन तोकड्या."

"उचलून पाहिलात?"

"तो उचलायचा नसतो. तुमच्याच ऑफिसची चाचणी असते ना ती? मध्येच कुणी उचलला तर लाइन बिघडते, असं आमचे हे सांगायचे. ते स्वतः उचलायचे, त्यांना माहीत होतं कसं ते. गुरुवारी मी दवाखान्यात कोट पोचवायला जायचे. एखाद्या वेळी घरी असले तर कानावर पडायचं. 'हो, नीट ऐकू येतंय. इकडे सगळं ठीक.' एवढं बोलून ठेवून द्यायचे."

लाइनमननं वर पाहिलं. "आमचं ऑफिस अशी चाचणी करत नाही, काकू."

"म्हणजे हे खोटं बोलत होते?"

त्यानं आपला तपासणीचा हातफोन तारेला जोडला, ऑफिसात कुणाला तरी लाइन तपासायला सांगितली आणि बराच वेळ कानाला लावून बसला. मग एक नंबर तळहातावर लिहून त्यानं हात पुढे केला. "हा ओळखीचा आहे?"

"नाही."

"तुमच्याच लाइनवर आहे. एका तारेवर दोन नंबर घेता येतात. दुसऱ्याची रिंग वेगळी ठेवतात, म्हणजे न उचलताच कळतं कुठल्या नंबरावर फोन आला. अर्जावर तुमच्या यजमानांची सही आहे."

बाई ताडकन उठल्या. "कुणासाठी घेतला? कोण होती ती? पुस्तकाचं पान उलटायला घाबरणारा माणूस, आणि..."

"अर्ज अकरा वर्षांपूर्वीचा आहे," लाइनमन हळूच म्हणाला आणि त्यानं तारीख सांगितली.

बाई पुन्हा खाली बसल्या. लेक घर सोडून गेली त्याच्या तिसऱ्या दिवसाची तारीख होती ती. त्यांनी 'या नंबरावर नाही' असं सांगितलं होतं. नवऱ्यानं ते अक्षर न् अक्षर पाळलं होतं.

"काढून टाकू का हा नंबर?" लाइनमननं कागद पुढे केला. "इथे सही केलीत की ती रिंग बंद."

"थांबा." बाईंचा आवाज कुणा दुसऱ्याचा असावा तसा आला. "फोन कुठून येतो, ते सांगता येईल?"

"आलेल्या फोनांची नोंद आमच्याकडे नसते हो."

"चौदा गुरुवार वाजला. हे गेल्यापासून कोट न्यायला दवाखान्याचाच माणूस येतो. मी घरी यंत्र जोरात चालवायचे, ऐकू येऊ नये म्हणून. एरवी वाजतच राहायचा, गेल्या गुरुवारी दोनदाच वाजला आणि थांबला." बाई त्याच्या तळहातावरच्या आकड्यांकडे बघत राहिल्या. "आता नाही आला तर?"

लाइनमननं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. पाणी विचारलं तर नको म्हणाला, आणि जाताना दार अगदी हळू ओढून घेतलं.

तो मंगळवार होता. दोन दिवस यंत्र चाललं नाही. बाईंनी वाक्यं जुळवून पाहिली. 'तुझे बाबा गेले.' 'बाबा आता नाहीत गं.' भिंतीकडे तोंड करून म्हणून पाहिली. एकही धड म्हणता आलं नाही. दुखणं नव्हतं, त्रास झाला नाही, हेही सांगायला हवं होतं. आणि साडेतीन महिने का कळवलं नाही, हेही.

गुरुवारी चार वाजले. फोन गप्प. सव्वाचार. साडेचारला बाईंनी रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना ते पाहिलं आणि चटका बसल्यासारखा खाली ठेवला, नेमका आत्ताच तिचा फोन येत असला तर म्हणून. पावणेपाचला दोन तोकड्या घंटा वाजल्या.

बाईंनी फोन उचलला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग एका स्त्रीचा आवाज, थकलेला, पोक्त, पण ओळखू येणारा.

"बाबा? इतके दिवस उचलत का नव्हता? मी किती घाबरले."

बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"मी आई बोलतेय," त्या म्हणाल्या. "उभी आहेस का? आधी बस बघू कुठंतरी."