चालीचा दाखला

“चालून दाखव,” वकीलसाहेब म्हणाले.

ओट्यावर त्यांच्यासोबत दोन मित्र बसले होते. सुपारी कातरणं चाललं होतं. मी खाली अंगणात, हात पुसत उभी. सकाळपासून त्यांच्याच घरची ज्वारी निवडत होते.

“चालीचा दाखला हवा ना तुला? मग चाल पाहिल्याशिवाय कसा देऊ? तुळशीपासून हौदापर्यंत चालून दाखव.”

मी चालले.

मला वाटलं, अशीच रीत असेल. शिकलेल्या माणसांच्या रीती आम्हाला कुठं माहीत?

म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकवणारा वर्ग निघाला होता. शिकून झालं की नोकरी. मी मराठी चार इयत्ता शिकलेली. नवऱ्यानं टाकलेली. मोहोळकडची मेंढरं विकून आई आणि मी सोलापुरात आलो होतो, आणि दोघींच्या पोटाला लोकांच्या घरची धुणीभांडी एवढंच होतं. त्या वर्गात शिरले की सुटले, असं मी धरून बसले होते. पण त्यासाठी दोन प्रतिष्ठित गृहस्थांनी सांगायला हवं होतं की ही बाई चांगल्या चालीची आहे. एक दाखला माझ्या शाळेच्या मास्तरांनी दिला, लगेच. दुसरा वकीलसाहेबांकडून मिळायचा होता.

वकीलसाहेब खादी घालत. स्त्रीशिक्षणावर व्याख्यानं देत. त्यांच्या बायकोचं बाळंतपण मी काढलं होतं, त्यांच्या लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं. या माणसाला माझी चाल माहीत नाही, तर कुणाला असणार? तरी ते म्हणत, रविवारी ये. रविवारी गेलं की म्हणत, पाहुणे आहेत, पुढच्या रविवारी ये. आणि आलीच आहेस तर तेवढं माळ्यावरचं उतरव, गोवऱ्या रचून ठेव. मी सगळं करत होते. दाखला देणाऱ्याची मर्जी राखावी लागते, हे आईनंच शिकवलं होतं.

हौदापर्यंत पोचले आणि वळले.

“धनगराची चाल आहे हो,” एक मित्र म्हणाला. “मेंढरांमागं निघाल्यासारखी.”

तिघंही हसले.

“परत एकदा,” वकीलसाहेब म्हणाले. “जरा सावकाश.”

दुसऱ्यांदा निघाले तेव्हा अर्ध्या वाटेत मला समजलं. बाजारात बैल घेताना असंच चालवून बघतात. खूर बघतात, मागचा भाग बघतात. मला समजलं, आणि तरी माझे पाय चालतच राहिले. हौदापर्यंत. त्या उरलेल्या वाटेबद्दल मला अजून चीड येते. आतल्या दाराच्या पडद्याआड वकिलीणबाई उभ्या होत्या. आमची नजरानजर झाली. त्यांनी पडदा सोडला.

“आता पदर खोचून.”

मी थांबले.

“साहेब, दाखला ऱ्हाऊ द्या. माजी चाल तुमाला दिसायची न्हाय.”

मागं न बघता फाटकाकडं निघाले. पण फाटकापर्यंत तरी चालावंच लागतं की. तेवढी चालही त्यांनी बघितली. हसणं रस्त्यावर येईपर्यंत ऐकू येत होतं.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

“आनिक एकदा चालली असतीस तर काय पाय झिजलं असतं? पोटाला लागतो की दाखला.”

मला रडू आलं. आईचा राग नाही आला. तिला कुणी कुठं किती वेळा चालवलं असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही नाही विचारलं. भीती वाटली.

त्या वर्षी वर्ग हुकला. मी गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागले. तिथं चाल विचारत नाहीत, हात चालतात का तेवढं बघतात. पण भोंगा झाला आणि बायकांच्या घोळक्यातून बाहेर पडले, की मागं कुणीही हसलं तरी माझे पाय अडखळायचे. आपण कसं चालतो हे माणसाच्या ध्यानात नसतं, म्हणून तर माणूस चालतो. माझ्या ध्यानात यायला लागलं होतं. उजवा पाय, डावा पाय, पदर. डोळे मिटले की ते अंगण यायचं. मी चालते आहे, हौद येत नाही, आणि ओट्यावरून कुणीतरी म्हणतं आहे, जरा सावकाश. अजून म्हणतं.

पुढच्या वर्षी वर्ग पुन्हा निघाला. आई म्हणाली, जा, वकीलसाहेबांचे पाय धर. मी मास्तरांचा तेवढा दाखला घेतला आणि सरळ दवाखाना गाठला. खिडकीत कारकून होता.

“दुसरे गृहस्थ कोण?”

“मी.”

त्यानं मान वर केली.

“माज्या चालीचं मला ठाव हाय,” मी म्हणाले. “मी सांगते, चांगली हाय. लिवून घ्या.”

“नियम आहे, बाई. गृहस्थ लागतो. चल, चालू लाग.”

चालू लाग. तो काही वाईट माणूस नव्हता, रोज कितीजणांना असं म्हणत असेल. पण ते अंगण, ती तुळस, तो हौद, सगळं त्या खिडकीसमोर येऊन उभं राहिलं. क्षणभर पाय उचललाही होता.

मग मी पदर नीट केला आणि दवाखान्याच्या पायरीवर बसले.

येणारे-जाणारे बघायला लागले. बघू देत. शिपाई उठवायला आला, तेव्हा त्याला सांगितलं की वर्ग चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई येईपर्यंत इथंच बसणार. त्या नाही म्हणाल्या तर उद्या येऊन बसणार, परवाही बसणार.

“ऊठ, चल,” तो म्हणाला.

“न्हाय. कुनाच्या सांगन्यावरनं आता मी चालनार न्हाय.”